विश्लेषण : जुन्या ४०७ चे इंजिन ‘स्ट्रोकर’ करता येते का? घाटातली ओढ खरेच वाढते का?

कापसाचा हंगाम तोंडावर आला, की शेगाव-खामगाव परिसरातील गॅरेजांसमोर जुन्या मालवाहू गाड्या इंजिन उघडून उभ्या राहतात. कुणाचे ‘हाफ काम’ असते, कुणाचे ‘फुल काम’. अशा वेळी मालकाच्या मनात हमखास एक विचार येतो : इंजिन उघडलेच आहे, तर त्याची ताकद थोडी वाढवून का घेऊ नये? जुन्या अमेरिकी पिकअप ट्रकमध्ये ‘स्ट्रोकर’ इंजिन बसवल्याचे व्हिडीओ आता प्रत्येकाच्या मोबाइलवर आहेत. तेच काम आपल्या ४०७ वर होईल का, झाले तर काय मिळेल आणि काय गमवावे लागेल, याविषयी...

स्ट्रोक आणि स्ट्रोकर म्हणजे काय?

सायकलच्या पायडलचा दांडा डोळ्यांसमोर आणा. दांडा जितका लांब, त्याच्या दुप्पट अंतर पाय वर-खाली करतो. इंजिनात क्रँकशाफ्टची फेक म्हणजे हा दांडा आणि पिस्टन म्हणजे पाय. पिस्टन सर्वात खालच्या जागेपासून सर्वात वरच्या जागेपर्यंत जे अंतर कापतो, तो स्ट्रोक. सिलिंडरचा आतला व्यास म्हणजे बोअर. बोअरचे क्षेत्रफळ गुणिले स्ट्रोक गुणिले सिलिंडरची संख्या, इतका साधा हिशेब केला की इंजिनाची ‘सीसी’ निघते.

म्हणजे सीसी वाढवायचे दोनच मार्ग. एक, बोअर मोठा करणे. दोन, स्ट्रोक लांब करणे. मूळ ब्लॉक तोच ठेवून जास्त फेकीचा क्रँक बसवला आणि त्याला जुळणारे रॉड व पिस्टन वापरले, की त्या इंजिनाला ‘स्ट्रोकर’ म्हणतात.

बोअर वाढवूनच काम का भागत नाही?

कारण बोअर फारसा वाढत नाही. जुन्या ४०७ मधील ज्या चार सिलिंडरच्या इंजिनाला मेकॅनिक ‘४९७’ म्हणतात, त्याच्या नावातच माप दडलेले आहे : ४ सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर. स्ट्रोक १०० मिलिमीटर. हिशेब होतो २,९५६ सीसी. बोअर १ मिलिमीटरने वाढवून ९८ केला, तर इंजिन होते साधारण ३,०१७ सीसीचे. वाढ फक्त दोन टक्के. चालकाला ती जाणवणारही नाही. शिवाय सिलिंडरची भिंत तेवढी पातळ होते, हा तोटा वेगळाच. ओव्हरसाइज पिस्टन टाकल्यावर गाडी ‘नव्यासारखी’ ओढते ती वाढलेल्या सीसीमुळे नव्हे. झिजलेला सिलिंडर पुन्हा गोल होतो, रिंगा नीट बसतात आणि गेलेले कॉम्प्रेशन परत येते, म्हणून ती ओढते.

स्ट्रोकची गोष्ट वेगळी. ९७ चा बोअर तसाच ठेवून स्ट्रोक १०० वरून १२८ मिलिमीटर केला, तर इंजिन जवळपास ३,७८३ सीसीचे होते. वाढ २८ टक्के. हे काही काल्पनिक आकडे नाहीत. ९७ बाय १२८ मापाचे ४९७ मालिकेतील इंजिन टाटाच्याच ७०९, ९०९ वर्गातील मोठ्या गाड्यांना बसवले गेले आहे. म्हणूनच ‘मोठ्या गाडीचा क्रँक आपल्या ४०७ ला लावला तर?’ हा प्रश्न गॅरेजमध्ये पुन्हा पुन्हा निघतो.

लांब स्ट्रोकने ओढ का वाढते?

‘दांडा लांब, म्हणून जोर जास्त’ असे सरसकट सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. समजा, सीसी तेवढीच ठेवून स्ट्रोक लांब केला, तर बोअर बारीक करावा लागेल. पिस्टनचे क्षेत्रफळ कमी झाले, की त्यावर पडणारा वायूचा जोरही त्याच प्रमाणात कमी होतो. दांड्याने मिळवलेले पिस्टनने गमावले, हिशेब बरोबरीत सुटतो.

स्ट्रोकरमध्ये मात्र बोअर तोच राहतो आणि स्ट्रोक वाढतो. त्यामुळे प्रत्येक सिलिंडर एका खेपेला जास्त हवा ओढतो, त्या हवेत जास्त इंधन जळू शकते आणि टॉर्क, म्हणजे आपल्या भाषेत ओढ, वाढते. सिलिंडरमधील सरासरी दाब तेवढाच राहिला, तर २८ टक्के जास्त सीसीला साधारण २८ टक्के जास्त टॉर्क मिळतो. तोही कमी फेऱ्यांवर, म्हणजे भरलेली गाडी चढावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये असते तेव्हा. स्ट्रोकरचे आकर्षण आहे ते यातच.

अमेरिकेत हे काम इतके सोपे कसे?

तिथल्या जुन्या शेवरोले पिकअपमध्ये ३५० घनइंचाचे, म्हणजे ५.७ लिटरचे व्ही-८ पेट्रोल इंजिन सर्रास असे. त्याच घराण्यातील ४०० घनइंची इंजिनाचा क्रँक जास्त फेकीचा. तो ३५० च्या ब्लॉकमध्ये बसवून आणि बोअर किंचित वाढवून ३८३ घनइंचाचे, म्हणजे सुमारे ६.३ लिटरचे इंजिन तयार होते. ४०० च्या क्रँकचे मुख्य जर्नल जाड असल्याने ते सुमारे ५ मिलिमीटरने कमी करावे लागत. पुढे या कामासाठी तयार क्रँक आणि पिस्टनचे संचच बाजारात आले. जीपच्या ४ लिटरच्या सहा सिलिंडर इंजिनात त्याच घराण्यातील जुन्या २५८ घनइंची इंजिनाचा क्रँक बसवून साडेचार लिटरच्या पुढे जाणारे स्ट्रोकरही तिथे लोकप्रिय आहेत.

पण या यशामागचे आकडे पाहायला हवेत. शेवरोलेच्या उदाहरणात स्ट्रोक ८८.४ वरून ९५.२५ मिलिमीटर होतो. फरक ७ मिलिमीटरपेक्षा कमी. म्हणजे पिस्टन वर साडेतीन आणि खाली साडेतीन मिलिमीटर जास्त जातो. एवढी जागा ब्लॉकमध्ये निघते, बाकीचे पिस्टनची उंची बदलून जमवता येते. शिवाय ही पेट्रोल इंजिने आहेत आणि गाडी बहुधा हौसेची असते. रोज तीन टन माल घेऊन घाट चढणे तिच्या नशिबी नसते.

मग ४०७ मध्ये १२८ चा क्रँक का बसत नाही?

इथे फरक २८ मिलिमीटरचा आहे. म्हणजे पिस्टन वर १४ आणि खाली १४ मिलिमीटर जास्त जाणार. डिझेल इंजिनात पिस्टन सर्वात वर आला, की तो आणि हेड यांच्यातील फट जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास असते. तिथे १४ मिलिमीटर आणणार कुठून? एकतर रॉड तेवढा आखूड करायचा किंवा पिस्टनमध्ये पिनेच्या वरचा भाग १४ मिलिमीटरने छाटलेला हवा. डिझेलच्या पिस्टनमध्ये वरच्या बाजूला ज्वलनाची वाटी कोरलेली असते आणि तीन रिंगांचे खाचे असतात. तिथे छाटायला जागाच नसते. रॉड आखूड केला, तर तो जास्त तिरका होतो, पिस्टन लायनरच्या भिंतीवर जास्त रेटतो आणि लायनर लवकर झिजतो.

खालची बाजू त्याहून अवघड. १४ मिलिमीटर खाली उतरलेल्या पिस्टनचा घेर क्रँकच्या वजनाला टेकू शकतो. मोठ्या फेकीने फिरणारा रॉडचा बोल्ट ब्लॉकच्या भिंतीला किंवा कॅमशाफ्टला घासू शकतो. १२८ स्ट्रोकच्या इंजिनाचा ब्लॉक त्या मापासाठीच घडवलेला असतो. नावात ‘४९७’ आणि ‘४९७’ असे साम्य दिसले, तरी त्यातून कळतो तो सिलिंडरचा आकडा आणि बोअर. ब्लॉकची उंची त्यातून कळत नाही.

कॉम्प्रेशनचा हिशेबही बिघडतो. समजा, १०० स्ट्रोकच्या इंजिनाचे कॉम्प्रेशन १७ ला १ आहे. एका सिलिंडरची ७३९ सीसी जागा असेल, तर वर उरणारी जागा सुमारे ४६ सीसी. ती तेवढीच ठेवून स्ट्रोक १२८ केला, तर कॉम्प्रेशन साडेएकवीसच्या घरात जाते. अशा इंजिनाचा पहिला बळी ठरतो हेड गॅस्केट, मग बेअरिंग.

क्रँक घासून थोडा स्ट्रोक वाढवता येत नाही का?

येतो, पण नावापुरता. क्रँकची पिन घासताना तिचा मध्य मुद्दाम बाहेर सरकवण्याची एक पद्धत आहे. पिनेचा व्यास २ मिलिमीटरने कमी केला, तर मध्य १ मिलिमीटर सरकतो आणि स्ट्रोक २ मिलिमीटरने वाढतो. ४०७ च्या इंजिनात याचा अर्थ दोन टक्के सीसी. त्या बदल्यात पिन बारीक होते, तिच्यावरचा कठीण केलेला थर निघून जातो आणि कोपऱ्यातील गोलाई बिघडली तर क्रँक तिथूनच तडकतो. नेहमीच्या क्रँक ग्राइंडिंगमध्ये पाव-पाव मिलिमीटरच्या टप्प्यांनी पिन कमी करून अंडरसाइज बेअरिंग टाकतात, त्यात मध्य हलत नाही. दोन्ही कामे ग्राइंडिंगच्याच मशीनवर होतात, पण ती एक नव्हेत.

स्ट्रोक वाढला, तर बाकीच्या इंजिनावर काय ताण येतो?

२,८०० फेऱ्यांवर १०० मिलिमीटर स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला ९.३ मीटर असतो. स्ट्रोक १२८ झाला, की तोच जवळपास १२ मीटर होतो. प्रत्येक फेरीत पिस्टनला थांबवून उलट फिरवण्याचा ताणही २८ टक्क्यांनी वाढतो. म्हणूनच कारखाने लांब स्ट्रोकच्या इंजिनाच्या फेऱ्या कमी ठेवतात. जुना गव्हर्नर जुन्या फेऱ्यांवरच ठेवला, तर रॉडचे बोल्ट तो फरक सोसतात, जोवर सोसवेल तोवर.

जास्त इंधन जळले, की जास्त उष्णता निघते. रेडिएटर, पाण्याचा पंप, ऑइल पंप जुन्याच मापाचे असतात. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर असताना त्याची परीक्षा होते. त्यापुढे क्लच, गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट आणि मागचा हौसिंग. हे सगळे मूळ टॉर्कच्या हिशेबाने बनवलेले असतात.

मग कंपन्यांनी स्वतः हे कसे केले?

स्ट्रोक वाढवणे ही काही परदेशी हौशी लोकांचीच युक्ती नाही. आपल्या रस्त्यांवरील ट्रकचा इतिहासच तसा आहे. टेल्कोने १९५४ मध्ये जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार करून ट्रक बनवायला सुरुवात केली, तो करार १९६९ पर्यंत चालला. त्या काळातील मर्सिडीजचे ओएम ३१२ हे सहा सिलिंडरचे इंजिन ९० बाय १२० मिलिमीटर मापाचे, सुमारे ४.६ लिटरचे होते. पुढे मर्सिडीजने आधी बोअर वाढवला आणि नंतर ओएम ३५२ मध्ये ९७ बाय १२८ पर्यंत मजल मारली. तेच माप, ५,६७५ सीसी, आपल्याकडे ‘६९७’ या नावाने प्रत्येक ट्रकचालकाच्या तोंडी बसले. त्याआधीचे ‘६९२’ म्हणजे सहा सिलिंडर, ९२ चा बोअर.

महिंद्राचेही तसेच. फ्रान्सच्या प्यूजो कंपनीचे एक्सडीपी ४.९० हे २,११२ सीसीचे डिझेल इंजिन एमएम ५४० जीपमध्ये आले. त्याचे माप ९० बाय ८३. त्याच घराण्यातील एक्सडी ३ मालिकेत बोअर ९४ आणि स्ट्रोक ९० झाला, सीसी झाली २,४९८. महिंद्राच्या काही गाड्यांना तेही इंजिन मिळाले. ८३ वरून ९०, म्हणजे इथेही फरक फक्त ७ मिलिमीटरचा. कारखाना स्ट्रोक वाढवतो, तेव्हा त्याबरोबर पिस्टन, रॉड, नोझल, फ्यूल पंपाची मापे, थंड करण्याची व्यवस्था आणि गिअर नव्याने ठरतात. हजारो तासांच्या चाचण्या होतात. गॅरेजमध्ये यातले फक्त क्रँक बदलण्याचे काम होते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांशी जुळणार नाहीत असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने कलम १८२-अ नव्या स्वरूपात आले. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

नोंदणी प्रमाणपत्रावर इंजिन क्रमांकाबरोबर सीसीही लिहिलेली असते. म्हणजे स्ट्रोकर बनवताच कागदावरची गाडी आणि रस्त्यावरची गाडी वेगळी होते. आठ वर्षांपुढील मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस तपासणीला जावे लागते. अपघात झाला, तर विमा कंपनीला आक्षेप घ्यायला हे आयते कारण मिळते, आणि तोपर्यंत हप्ते वेळेवर भरलेले असूनही दाव्याचा वाद मालकाच्या गळ्यात पडतो. खराब इंजिनाच्या जागी त्याच कंपनीचे, त्याच प्रकारचे इंजिन टाकायचे असेल, तर आधी परिवहन कार्यालयाची परवानगी घेऊन नवा क्रमांक नोंदवावा. एमएच २८ च्या गाडीसाठी ते काम बुलढाण्यात होते. भंगारातून आणलेले इंजिन बिल आणि मूळ गाडीच्या कागदांशिवाय कधीही घेऊ नये.

घाटात गाडी दमते, ते इंजिन लहान असल्यामुळेच का?

एक हिशेब करून पाहू. सगळे मिळून ६ टन वजनाची गाडी ताशी ३० किलोमीटर वेगाने, वीस मीटरला एक मीटर चढणाऱ्या रस्त्यावर न्यायची आहे. चाकांचा घर्षणरोध धरून चाकांपाशी साधारण ४० अश्वशक्ती लागते. जुन्या ४०७ च्या चांगल्या अवस्थेतील इंजिनाला हे झेपते. आता त्याच गाडीत २ टन माल जास्त भरला, म्हणजे वजन ८ टन झाले. लागणारी शक्ती ५३ अश्वशक्तीवर जाते. वाढ ३३ टक्के.

स्ट्रोकरने, सगळे अगदी जुळून आले तरी, ओढ वाढणार होती २८ टक्के. म्हणजे हजारो रुपये घालून, कागद धोक्यात टाकून मिळवलेली ओढ दोन टनांचा जादा माल पूर्ण गिळतो, वर उधारी ठेवतो. आणि इंजिन मोठे झाले, तरी ब्रेक, स्प्रिंगा आणि टायर तेच राहतात. खामगावहून बोथ्याच्या घाटाने किंवा मलकापूरकडून राजूर घाटाने बुलढाण्याला चढलेली गाडी परत उतरायचीही असते.

मग इंजिन उघडल्यावर पैसा कुठे घालावा?

आधी मोजमाप, मग खर्च. काम सुरू करण्यापूर्वीच चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून लिहून घ्यावे. इंजिन उघडल्यावर लायनर वर, मध्ये आणि खाली, आडवा-उभा मोजावा. गोलाई गेली असेल तर नुसत्या रिंगा टाकून उपयोग नाही. लायनर बदलता येत असेल, तर तो बदलून मूळ मापाचे पिस्टन टाकणे हे ओव्हरसाइजपेक्षा बरे. क्रँकच्या पिना मोजून, तडा तपासूनच ग्राइंडिंगचा निर्णय घ्यावा. रॉड सरळ आहेत का, ब्लॉक आणि हेडचा पृष्ठभाग सपाट आहे का, हे पाहावे.

नोझल आणि फ्यूल पंप चाचणी बेंचवर लावून कंपनीच्या मापाला आणावेत. ‘पंप थोडा वाढवून द्या’ ही मागणी टाळावी. हवा तेवढीच असताना डिझेल वाढवले, की ते अर्धवट जळते. काळा धूर निघतो, धुराच्या चाचणीत गाडी अडते, ऑइल लवकर खराब होते आणि पिस्टनचा माथा तापतो.

ओढ गेल्याची साधी कारणेही आधी पाहावीत. कापसाच्या दिवसांत हवेचा फिल्टर धूळ आणि तंतूंनी भरतो. क्लच सरकतो. एखाद्या चाकाचा ब्रेक धरून राहतो. टायरमध्ये हवा कमी असते. यातले प्रत्येक कारण स्वतंत्रपणे थोडी ओढ खाते. तीन एकत्र आली, की मालकाला वाटते, इंजिनच लहान पडते.

स्ट्रोकरला मग जागाच नाही का?

आहे, पण ती सार्वजनिक रस्त्याबाहेर. खासगी ट्रॅकवरील स्पर्धेची गाडी, संग्रहातील जुने इंजिन किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील प्रकल्प. तिथे इंजिन फुटले, तर एक प्रयोग फसतो. भाड्यावर पोट असलेल्या मालकाची गाडी ऐन हंगामात उभी राहिली, तर त्या वर्षाचे गणितच फसते.

म्हणून गॅरेजमध्ये कुणी मोठ्या गाडीचा क्रँक दाखवून ‘बसवून देतो’ म्हणाले, तर त्याला तीन गोष्टी विचाराव्यात. वरचे १४ मिलिमीटर कुठे जाणार? पंप आणि नोझल कोणत्या मापाला लावणार? आणि नोंदणी प्रमाणपत्रावर सीसी काय लिहिलेली असेल? तिन्हींची उत्तरे कागदावर मिळत नसतील, तर मूळ मापाचे, नीट मोजून केलेले इंजिनच तुमच्या गाडीला घाटावर नेईल आणि सुखरूप खालीही आणेल.